आयसीयूत परतताना डोसचं गणित: सूत्र, एककं की तयार तक्ता?

बाळंतपणाची रजा संपवून किंवा दोन-तीन वर्षं जनरल वॉर्डात काढून आयसीयूत परतणाऱ्या सिस्टर हमखास विचारतात, "गणित कुठल्या पद्धतीनं पक्कं करू?" तिन्ही पद्धतींनी उत्तर बरोबरच येतं. पण पहाटे चार वाजता, डोळ्यांवर झोप असताना हात चुकला, तर ती चूक लगेच दिसणार का, हे मी आधी बघते.

सूत्र सगळ्यांना पाठ असतं: हवा तेवढा डोस, भागिले अँपुलमधला डोस, गुणिले अँपुलचे मिली. फ्युरोसेमाइड ३० मिग्रॅ द्यायचंय, अँपुल २ मिलीत २० मिग्रॅचं, म्हणजे ३ मिली. एका वेळी द्यायच्या इंजेक्शनला याहून सोपं काही नाही, तिथे हेच वापरा. इन्फ्युजनला, म्हणजे पंपातून तासन्‌तास सतत जाणाऱ्या औषधाला, मात्र ते तोकडं पडतं. तिथे किलो, मिनिट, तास, मायक्रोग्रॅम सगळं एकदम येतं आणि सूत्रात त्यांना जागाच नसते. मग कुणी ६० नं गुणायचं विसरतं, कुणी १००० नं.

एककांची पद्धत सुरुवातीला लांबलचक वाटते. रुग्ण ६० किलोचा, नॉरॅड (नॉरअ‍ॅड्रेनलिन, बीपी चढवणारं औषध) ०.१ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट, सिरिंज पंपात ५० मिलीला ४ मिग्रॅ.

०.१ × ६० किलो × ६० मिनिटं = तासाला ३६० मायक्रोग्रॅम
४००० मायक्रोग्रॅम ÷ ५० मिली = मिलीला ८० मायक्रोग्रॅम
३६० ÷ ८० = ४.५ मिली प्रति तास

प्रत्येक आकड्यापुढे त्याचं एकक लिहायचं. किलोनं किलो कटतो, मिनिटानं मिनिट. शेवटी 'मिली प्रति तास' उरलं नाही, तर गडबड आहे हे पंपाला हात लावण्याआधीच कळतं. मला ही पद्धत आवडते ती एवढ्यासाठीच.

डोस आणि वजन बघून मिली प्रति तास सांगणारा भिंतीवरचा तक्ता सगळ्यांत झटपट. पण तो एकाच स्ट्रेंथसाठी, म्हणजे मिलीत किती औषध आहे त्या एकाच प्रमाणासाठी, खरा असतो. एका नाइटला आमच्या नवीन सिस्टरनं तक्ता बघून ४.५ लावलं. सिरिंज बदलली होती आणि लेबलवर '८ मिग्रॅ / ५० मिली' लिहिलेलं होतं, म्हणजे डबल स्ट्रेंथ. डोस दुप्पट जात होता. बीपी चढायला लागलं तेव्हा आम्ही दोघींनी लेबल वाचलं. तिचं गणित चुकलं नव्हतं, कारण तिनं गणित केलंच नव्हतं.

पंपात वजन आणि डोस भरायची सोय असली, तरी स्ट्रेंथ तुम्हीच भरता. त्यामुळे धोका तोच.

दोन गोष्टी कुठलीच पद्धत सांगत नाही. नॉरॅडच्या अँपुलवर बायटार्ट्रेट (औषधाचा क्षार) लिहिलंय की बेस (मूळ औषध) ते वाचा. २ मिग्रॅ बायटार्ट्रेट म्हणजे साधारण १ मिग्रॅ बेस. आणि इन्सुलिन. आपल्याकडे मिलीला ४० युनिटच्या आणि १०० युनिटच्या अशा दोन्ही व्हायल मिळतात. ४० च्या व्हायलमधून ५० युनिट म्हणजे १.२५ मिली, १०० च्या व्हायलमधून अर्धा मिली. व्हायल आणि सिरिंज एकाच आकड्याच्या हव्यात.

रुजू व्हायला आठवडाच उरला असेल, तर एककांची पद्धतच धरा. तक्ता पडताळणीला ठेवा. त्याहून चांगली पडताळणी म्हणजे उलटं गणित: मिलीतले मायक्रोग्रॅम भागिले ६०, भागिले वजन. वरच्या रुग्णाला ८० ÷ ६० ÷ ६० = ०.०२२, म्हणजे १ मिली प्रति तासाला एवढा डोस जातो. त्याला ४.५ नं गुणा, ०.१ परत मिळतं. हँडओव्हरला प्रत्येक बेडपाशी हे करायला अर्धा मिनिट लागतो. सरावाला डोपामिन घ्या: ५० मिलीला २०० मिग्रॅ, तोच ६० किलोचा रुग्ण, डोस ५ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट. इथेही ४.५ च येतं. का येतं, ते कागदावर एककं लिहून काढा.