रोपवाटिकेतला ‘देशी डॉगवुड’: रोप घ्या, पाटीवर जाऊ नका

तालुक्याच्या रस्त्यालगतच्या या रोपवाटिकेत ‘देशी डॉगवुड’ म्हणून विकायला ठेवलेलं झुडूप म्हणजे आपला अंकोल. पाटी अगदीच खोटी नाही. अंकोल (अ‍ॅलँजियम साल्व्हिफोलियम) आता डॉगवुडच्याच, म्हणजे कॉर्नेसी कुळात धरतात. पण खरा डॉगवुड म्हणजे कॉर्नस नावाचं वेगळं झाड. आपल्या देशात तो हिमालयात भेटतो, विदर्भाच्या रानात नाही. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, लावायला अंकोल शोधत आलेला शेतकरी ही पाटी वाचून सरळ पुढं जाईल.

रोपं निरोगी आहेत, फक्त त्याच वाफ्यात गेळा या दुसऱ्या झुडपाची रोपं मिसळलीत. दोन्ही काटेरी, म्हणून फसगत होते. पानं बघून उचला. अंकोलची पानं एकाआड एक, लांबट, बुडातून तीन-पाच शिरा निघालेली. गेळ्याची समोरासमोर, बरेचदा झुपक्यानं. काट्यातही फरक आहे: अंकोलची आखूड डहाळीच टोकाला अणकुचीदार होते, गेळ्याचे काटे जोडीनं आणि सरळ. फुलोऱ्यात तर चुकायला वावच नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी अंकोलच्या उघड्या फांद्यांवर पांढरट, सुवासिक फुलं येतात. अरुंद पाकळ्या मागं वळलेल्या, मधे पुंकेसरांचा झुपका. गेळ्याचं फूल पांढरं उमलून पिवळं पडतं.

पिशव्या लहान आहेत, हा मोठा दोष. मुळं तळाशी वेटोळी घालतात. तशीच लावली तर ती खोल जात नाहीत आणि पहिल्याच उन्हाळ्यात रोप वाळतं. लावताना पिशवीसकट तळाचा इंचभर भाग कापा, मग पिशवी काढा.

‘कुठंही लावा’ हा इथला सल्ला मात्र ऐकू नका. अंकोल पानझडी रानातला, नाल्याच्या काठचा, बरड-मुरमाड उताराचा. काळ्या वावरात पाणी तुंबलं की मुळं कुजतात. तिथं लावायचाच तर धुऱ्याच्या उंचवट्यावर, दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा घेऊन, निम्म्या मातीत मुरूम मिसळून लावा. मृगाच्या पहिल्या सरीवर घाई नको. जमीन हातभर ओली होऊ द्या. कुंपणासाठी दोन रोपांत सहा-सात फूट सोडा.

आणि फेब्रुवारीत पानं गळाली म्हणून रोप परत करायला धावू नका. नखानं साल खरवडा. आत हिरवं दिसलं तर ते जिवंत आहे.