आइसगेट: फाइल जाते चटकन, चूक कळते महिन्याने

न्हावा शेवा असो, सहार कार्गो असो की नागपूरची आयसीडी (बंदरापासून दूर असलेला कस्टमचा कंटेनर डेपो), आयात-निर्यातीचे कागद आता आइसगेट या कस्टमच्याच एका पोर्टलवरून कस्टमकडे जातात. नोंदणीला पैसे पडत नाहीत. आयईसी (आयात-निर्यातदाराचा कोड) आणि तिसऱ्या वर्गाचं डिजिटल सिग्नेचर असलं की काम सुरू होतं. पाचपैकी साडेतीन तारे. फाइल करणं आणि स्टेटस पाहणं यासाठी चार द्यायला हरकत नाही, पण निर्यातीवरच्या कराचा परतावा अडकल्यावर त्याचं कारण शोधून काढण्याच्या सोयीला दोनच.

आधी चांगलं सांगतो. बिल ऑफ एंट्री म्हणजे आयात मालाचं कस्टमला द्यायचं विवरण. त्याचा नंबर, तारीख आणि पोर्टचा कोड (न्हावा शेवाचा आयएनएनएसए१, मुंबई एअर कार्गोचा आयएनबीओएम४) टाकला की असेसमेंट (ड्यूटीची आकारणी), पेमेंट, आऊट ऑफ चार्ज (माल सोडायची परवानगी) यातलं काय झालं आणि काय राहिलं ते लॉगिन न करता दिसतं. पार्टीने सीएचएला (कस्टमचं काम करून देणाऱ्या एजंटला) तासातासाला फोन करायची गरज उरलेली नाही.

कागद चढवायचे ते आइसगेटवरच्या ई-संचित या सोयीमध्ये. प्रत्येक पीडीएफला आयआरएन (त्या फाइलचा संदर्भ नंबर) मिळतो आणि तो बिलात जोडायचा. फाइल १ एमबीच्या आत हवी आणि तिच्यावर डिजिटल सही हवी. इथे एक चूक बऱ्याच ऑफिसांत होते: आधी सही करतात, फाइल मोठी निघाली की मग ती कॉम्प्रेस करतात. फाइल दाबली की सही मोडते आणि पोर्टल ती परत पाठवतं. रंगीत स्कॅन टाळा, ग्रेस्केलमध्ये काढा, आधी दाबा, वाचता येतं का ते बघा आणि सही अगदी शेवटी करा. कागदाचा प्रकार निवडतानाही घाई नको. इन्व्हॉइसच्या जागी पॅकिंग लिस्ट चढली तर क्वेरी, म्हणजे अधिकाऱ्याची विचारणा, ठरलेलीच.

वेळेचा नियम कडक आहे. समुद्रमार्गे येणाऱ्या मालाचं बिल ऑफ एंट्री साधारणपणे जहाज यायच्या आदल्या दिवसाच्या अखेरीपर्यंत दाखल व्हायला हवं आणि त्यात सुट्टीही धरली जाते. विमानाने येणाऱ्या आणि काही शेजारी देशांतून येणाऱ्या मालाला आल्या दिवसापर्यंत मुभा आहे. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि त्यापुढे रोज १०,००० रुपये. जहाजाच्या अपेक्षित तारखेच्या ३० दिवस आधीपासून बिल भरता येतं, त्यामुळे शनिवारी संध्याकाळी बिल ऑफ लेडिंगची (शिपिंग लाइनने दिलेल्या माल चढवल्याच्या पावतीची) वाट बघत बसण्यापेक्षा पुरवठादाराकडून ड्राफ्ट आधीच मागवून चेकलिस्ट (बिलाचा कच्चा मसुदा) तयार ठेवावी.

३१ ऑक्टोबर २०२० पासून असेसमेंट देशभर फेसलेस, म्हणजे समोरासमोर न येता, होतं. न्हावा शेवाला उतरलेल्या मालाचं बिल दुसऱ्याच शहरातला अधिकारी बघतो. समोर जाऊन समजावायची सोय नाही, म्हणून वर्णनाच्या रकान्यातच सगळं यायला हवं. ‘मशीन पार्ट्स’ लिहिलं तर क्वेरी येते. ‘सेंट्रिफ्युगल पंपाचा इम्पेलर, स्टेनलेस स्टील, मॉडेल अमुक’ असं लिहून कॅटलॉगचं पान ई-संचितमध्ये जोडलं, तर ८४१३ या पंपांच्या टॅरिफ शीर्षकाखालचं वर्गीकरण वाचणाऱ्याला तिथेच पटतं. क्वेरीला एकाच वेळी पूर्ण उत्तर द्या. अर्धवट उत्तराने दुसरी क्वेरी येते आणि कंटेनरचं भाडं चालूच राहतं.

ड्यूटी भरायला १ एप्रिल २०२३ पासून इलेक्ट्रॉनिक कॅश लेजर (आगाऊ पैसे जमा ठेवायचं ऑनलाइन खातं) आहे. सुरुवातीच्या दिवसांत पेमेंट इतकी अडकली की सरकारला त्या काळाचं व्याज माफ करावं लागलं. आता व्यवस्था रुळली आहे, तरी लेजरमध्ये थोडी रक्कम आगाऊ ठेवणंच शहाणपणाचं. स्वतः असेस केलेल्या बिलाची ड्यूटी त्याच दिवशी भरायची असते, अधिकाऱ्याने बिल पेमेंटसाठी परत पाठवलं असेल तर सुट्ट्या वगळून एका दिवसात. चुकलं तर वर्षाला १५ टक्क्यांनी व्याज.

खरी कसोटी निर्यातीवर भरलेल्या आयजीएसटीच्या (आंतरराज्य आणि आयात-निर्यात व्यवहारांवरच्या जीएसटीच्या) परताव्यात लागते. इथे शिपिंग बिल (निर्यात मालाचं कस्टमला द्यायचं विवरण) हाच परताव्याचा अर्ज असतो. जीएसटीचं पोर्टल जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रातली माहिती आइसगेटला पाठवतं आणि दोन्हीकडची नोंद तंतोतंत जुळली तरच पैसे सुटतात. न जुळल्यास नुसता एक कोड दिसतो. एसबी००१ म्हणजे शिपिंग बिलाचा नंबर किंवा तारीख चुकली. एसबी००२ म्हणजे ईजीएम (जहाजाने नेलेल्या निर्यात मालाची यादी) दाखल नाही, म्हणजे शिपिंग लाइनच्या मागे लागा. एसबी००३ म्हणजे जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणीचा नंबर) जुळत नाही.

सगळ्यात जास्त सतावतो तो एसबी००५, इन्व्हॉइस नंबरचा घोळ. जीएसटीआर-१ मध्ये ‘०४५/२३-२४’ आणि शिपिंग बिलात ‘४५’ असं असेल तर माणसाला ते एकच वाटेल, सिस्टमला वाटत नाही. चूक जीएसटीआर-१ मध्ये असेल तर तक्ता ९अ मधून दुरुस्त करता येते. शिपिंग बिलात असेल तर दोन्ही नंबर शेजारी मांडलेला तक्ता देऊन आणि शुल्क भरून कस्टम अधिकाऱ्याकडूनच ती जुळवून घ्यावी लागते. म्हणून टॅक्स इन्व्हॉइस आणि एक्स्पोर्ट इन्व्हॉइस असे दोन वेगळे क्रम ठेवूच नका.

विदर्भातल्या निर्यातदारांनी एसबी००६ कडे खास लक्ष द्यावं. नागपूरच्या आयसीडीतून कंटेनर निघताना तिथला ईजीएम भरला जातो, पण परताव्याला बंदरावरचा गेटवे ईजीएमही लागतो. तो शिपिंग लाइनने भरला का, हे जहाज सुटल्यावर आठवडाभरात विचारून घ्यावं. आणि सगळं जुळूनही पैसे येत नसतील तर बँक खातं तपासा. बँका एकत्र झाल्यावर आयएफएससी बदलले, जुना कोड नोंदलेला राहिला की पीएफएमएस (सरकारची पैसे वाटायची यंत्रणा) रक्कम परत पाठवतं. एवढी साधी गोष्ट एररच्या कोडखाली एका ओळीत मराठीत नाही तर निदान हिंदीत लिहिली असती, तर छोट्या निर्यातदाराच्या खेपा वाचल्या असत्या.

साठवणीबद्दल मोठा गैरसमज आहे. ई-संचितवर कागद चढवला म्हणजे मूळ कागदाची जबाबदारी संपली असं नाही. ज्यांच्या आधारावर बिल भरलं ते मूळ कागद पाच वर्षं जपायचे असतात, ऑडिटमध्ये तेच मागतात. कॉम्प्युटर प्रिंटआऊट पुरावा म्हणून चालतं, पण सीमाशुल्क कायद्याच्या कलम १३८सी नुसार त्या यंत्राची जबाबदारी असलेल्या माणसाचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. म्हणून प्रत्येक बिलाचा एक फोल्डर करावा: सही केलेली मूळ फाइल, चेकलिस्ट, पोचपावती, आयआरएनची यादी, क्वेरी आणि उत्तरं, पेमेंटचं चलन. त्याची दुसरी प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा. सीएचए बदलत असाल तर शेवटचं बिल चुकतं करण्याआधी जुन्या सीएचएकडून हे सगळे फोल्डर ताब्यात घ्या.