हाउस ऑफ एक्सचा दुसरा अंक: सुटा घ्यावा, पुस्तकात वाचावा की अ‍ॅपवर?

एक्स-मेन कोण, झेव्हियर आणि मॅग्नेटोचं काय भांडण, हे ठाऊक असलेल्या आणि कोणीतरी ‘तो मोइराचा अंक वाचच’ म्हणून मागे लागलेल्या वाचकासाठी हे लिहितोय. तो अंक म्हणजे मार्व्हलच्या ‘हाउस ऑफ एक्स’ या एक्स-मेन कॉमिक मालिकेचा ७ ऑगस्ट २०१९ ला आलेला दुसरा. लेखन जोनाथन हिकमन, चित्रं पेपे लाराझ, रंग मार्ते ग्रासिया. वाचावा की नाही यावर फार चर्चा नको, वाचावाच. अडतं ते कशात वाचावा इथे. सुटा अंक, ‘हाउस’ आणि तिची जोडमालिका ‘पॉवर्स ऑफ एक्स’ मिळून बाराही अंकांचं एकत्र पुस्तक, की मार्व्हल अनलिमिटेड हे अ‍ॅप?

बाकी कुठल्या अंकाबाबत हा प्रश्न एवढा ताणला नसता. पण हा अंक एकदा वाचून बाजूला ठेवण्यातला नाही. मोइरा मॅक्टॅगर्ट १९७५ पासून एक्स-मेनमध्ये आहे आणि इतकी वर्षं ती साधी माणूस, शास्त्रज्ञ. हा अंक सांगतो की ती म्यूटंट आहे, म्हणजे जन्मतःच अंगात शक्ती असलेली. मेली की ती पुन्हा आईच्या पोटातून सुरुवात करते, आधीच्या आयुष्यांची सगळी आठवण घेऊन. तिसऱ्या आयुष्यात ती म्यूटंटपणावर औषध शोधते, तेव्हा भविष्य दिसणारी म्यूटंट डेस्टिनी तिला गाठते. दहा आयुष्यं मिळतील, फार तर अकरा, असं सांगते आणि ही भेट विसरू नये म्हणून आग हाताळणाऱ्या पायरोकरवी तिला हळूहळू जाळायला लावते. डेस्टिनीचा मुखवटा सोनेरी, डोळे नसलेला, त्यामुळे समोर जळणाऱ्या बाईकडे ती बघतेय की नाही हेच कळत नाही. अंगावर काटा येतो.

अंकात या आयुष्यांचा एक आलेखही आहे: रेषा, वयं, घटना, बारीक टायपात. मात्र सहाव्या आयुष्याबद्दल अंक चकार शब्द काढत नाही. त्याचं उत्तर थेट ‘पॉवर्स ऑफ एक्स’च्या सहाव्या अंकात, म्हणजे मूळ वाचकांना नऊ आठवड्यांनी मिळालं. मधल्या प्रत्येक अंकात ‘हे नक्की कुठल्या आयुष्यातलं?’ असं वाटतं आणि हात पुन्हा त्या आलेखाकडे जातो. त्यामुळे माझ्या मते कसोटी एकच. मागे जाऊन बघणं किती सोपं आहे?

सुट्या अंकाची मजा वेगळी, हे कबूल. दोनच पिना असल्याने तो टेबलावर सपाट उघडतो आणि जोडपानाचं चित्र मधोमध गिळलं जात नाही. मागच्या पानावर वाचनक्रमाची यादीही असते. पण मध्ये जाहिराती येतात, आणि एकाच अंकासाठी बाकीचे अकरा शोधत बसावं लागतं. दुसऱ्या-तिसऱ्या छपाईची प्रत मिळाली तर बिनधास्त घ्या. मुखपृष्ठ बदलतं, आतली गोष्ट तीच. ठेवायला करंट साइझची पिशवी घ्या, ६⅞ इंच रुंदीची. तिच्याहून रुंद सिल्व्हर साइझमध्ये अंक सैल राहतो आणि कोपरे दुमडतात. पिशवीत अंकामागे घालायच्या पुठ्ठ्याची गुळगुळीत बाजू अंकाकडे. मुंबई-कोकणात पावसाळ्यात पिना गंजतात आणि त्याचा तांबूस डाग मधल्या पानांवर उतरतो, म्हणून डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या वर्षातून एकदा बदला.

अ‍ॅप स्वस्त पडतं, जागा खात नाही, आणि हा अंक तर तिथे केव्हाचा आहे. नुसती चव घ्यायची असेल तर यापेक्षा सोपं काही नाही. चौकट-चौकट दाखवणारी सोय मारामारीच्या पानांवर छान चालते. आलेखावर आणि टॉम म्युलरने मांडलेल्या पांढऱ्या माहितीपानांवर मात्र ती बंद करा, नाहीतर तुकडे दिसतात आणि रेषा कुठून कुठे गेली हे हरवतं. दहा इंची टॅब्लेट आडवा धरून जोडपान बघितलं तर ते छापील आकाराच्या जेमतेम साठ टक्के उरतं. फोनवर तर विचारूच नका.

तेही चालवून घेता आलं असतं. खटकतं ते पुढचं. अ‍ॅपमध्ये ‘हाउस’ आणि ‘पॉवर्स’ या दोन वेगळ्या मालिका म्हणून लागलेल्या आहेत, त्यामुळे अंक संपल्यावर ‘पुढचा’ दाबला की त्याच मालिकेतला पुढचा उघडतो. वाचायचं असतं मात्र असं: हाउस १, पॉवर्स १, हाउस २, पॉवर्स २, पॉवर्स ३, हाउस ३, हाउस ४, पॉवर्स ४ आणि तिथून सरळ आलटून-पालटून. मधली ती दोन जोडं बघा. ‘एक याचा, एक त्याचा’ असं डोळे मिटून वाचणारा नेमका तिथे घसरतो. हाउस ३ मध्ये अवकाशातल्या मोहिमेवर पथक निघतं, पण ती मोहीम ज्या माहितीवर उभी आहे ती पॉवर्स ३ मध्ये मिळते. क्रम उलटला की कारणाआधी परिणाम वाचला जातो, आणि पॉवर्स ३ चा शेवटचा धक्का फुसका होतो. पॉवर्स ४ गाळून हाउस ५ वर उडी मारली तर सिनिस्टर या खलनायकाकडची भेट राहते आणि पुढचं सगळं जादूटोण्यासारखं वाटतं. अ‍ॅपमध्ये तयार वाचनयाद्या आहेत, त्या वापरल्या तर हा त्रास बराच कमी होतो. तरी पॉवर्स ६ वाचताना आलेख बघायचा झाला तर अंकातून बाहेर पडा, मालिका शोधा, दुसरा अंक उघडा, पानं सरकवा आणि परत या. दोनदा केलं की माणूस आलेख बघणंच सोडतो, आणि मग सहाव्या आयुष्याचं उत्तर नुसती माहिती बनून राहतं.

पुस्तकात बाराही अंक योग्य क्रमाने लावलेले आहेत. क्रमाचा विचार करावा लागत नाही आणि आलेखाकडे जायला एक बोट पुरतं. दोष आहे तो बांधणीचा. पेपरबॅक जाड आहे, जोडपानांचा मधला भाग शिवणीकडे जातो. नवी प्रत लगेच मधोमध उघडून दाबू नका, कणा मोडतो आणि वर्षभरात पानं सुटतात. कणा टेबलावर टेकवा, पुढून दहा-बारा पानं दाबा, मग मागून तेवढीच, असं करत मध्यापर्यंत या. हार्डकव्हर जास्त टिकेल, पण झोपून वाचणाऱ्याच्या छातीवर ते वजन कोण घेणार? पेपरबॅकच बरं.

अर्थात ज्यांना फक्त हा एकच अंक जपायचाय त्यांनी सुटाच घ्यावा, त्यात वाद नाही. पुस्तक मागवताना नावात ‘हाउस ऑफ एक्स’ आणि ‘पॉवर्स ऑफ एक्स’ दोन्ही आहेत ना ते बघा. ‘डॉन ऑफ एक्स’ असं लिहिलेले खंड त्यानंतरच्या मालिकांचे आहेत, त्यात हा अंक नाही. आणि पुस्तक हातात आलं की वाचायला बसण्याआधी त्या आलेखाच्या पानावर एक जाडसर चिठ्ठी घालून ठेवा. पॉवर्स ६ पर्यंत ती बरीच चुरगळलेली असेल.