बीआयएस मॉनिटर: ओपिऑइडशिवाय भूल देताना त्या आकड्यावर किती विसंबायचं?

नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या नर्सिंग होममध्ये फिरून केसेस करणारे आम्हा भूलतज्ज्ञांतले बरेच जण हल्ली विचारतात, "मॅडम, स्वतःच्या पैशाने बीआयएस घेऊ का?" घ्या. भूल किती खोल आहे ते आकड्यात दाखवणारा हा मॉनिटर मी घेतलाय आणि विकायचा विचार नाही. पण हल्ली लोकांना तो हवा असतो ओपिऑइड-फ्री, म्हणजे फेंटानिल-मॉर्फिनसारखी अफूच्या जातीची वेदनाशामकं न वापरता केलेल्या केसेससाठी, आणि नेमका तिथेच तो जास्तीत जास्त चकवतो. एवढं माहीत असेल तर पैसे वाया जाणार नाहीत.

ओपिऑइड-फ्रीचं खूळ आपल्याकडे नुसत्या कॉन्फरन्समधून आलेलं नाही. फेंटानिल, मॉर्फिन अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याखाली येतात. नोंदी, साठा, परवानगी हे सगळं लहान दवाखान्यांना झेपत नाही, म्हणून कित्येक ठिकाणी अँपूल नसतंच. त्यात काही पेशंटना ऑपरेशननंतर उलट्यांनी जीव नकोसा होतो, काहींना घोरण्याचा आणि झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असतो. अशांना गुंगी आणणारं डेक्समेडेटोमिडीन (डेक्स), थोडं केटामिन, मॅग्नेशियम, पॅरासिटामॉल आणि एखादा ब्लॉक (नस बधिर करणारं इंजेक्शन) देऊन भागवणं खरंच सोयीचं पडतं.

आता यंत्राबद्दल. कपाळावर चार इलेक्ट्रोडची एक पट्टी लागते. मेंदूच्या लहरी टिपून यंत्र ० ते १०० मधला एक आकडा काढतं. पूर्ण जागा माणूस नव्वदीच्या वर, जनरल अॅनेस्थेशियात ४० ते ६०, आणि लहर सपाट झाली की ०. अमेरिकेच्या एफडीएने याला १९९६ मध्ये मान्यता दिली, म्हणजे वस्तू काही नवी नाही. आकडा ताजा नसतो, मागच्या काही सेकंदांच्या लहरींचा हिशेब असतो. प्रोपोफोल (झोपेचं औषध) एकदम, बोलसमध्ये दिलं आणि लगेच स्क्रीनकडे बघितलं, तर दिसते ती मघाची स्थिती.

एक केस सांगते. दुर्बिणीतून पित्ताशय काढायचं होतं. काकूंना आधीच्या ऑपरेशननंतर उलट्या थांबता थांबल्या नव्हत्या, पण त्यांची मुख्य भीती वेगळीच. ओटीच्या दारात हात धरून म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, मधातच जाग आली त काय करू मी?" आधी डेक्सचं लोडिंग सावकाश दिलं, मग प्रोपोफोल, स्नायू शिथिल करणारं अॅट्राक्युरियम, पुढे भुलीचा गॅस सेव्होफ्लुरेन. सर्जन पोर्टच्या (दुर्बिणीच्या छिद्रांच्या) जागी बुपिव्हॅकेन भरणार होते म्हणून लिग्नोकेनचं इन्फ्युजन मी लावलंच नाही. बधिर करणारी दोन्ही औषधं एकदम नको.

आकडा बेचाळीसच्या आसपास निवांत होता. मग २५ मिलिग्रॅम केटामिन दिलं. काही मिनिटांत आकडा पन्नास, पंचावन्न करत साठ ओलांडून गेला. सर्जनचं लक्ष गेलंच. "मॅडम, काकू उठतायत का?" पल्स जागची हलली नव्हती, बीपी तेच, सेव्होचा डायल जिथल्या तिथे. स्क्रीनवर खालच्या बाजूला कच्ची लहर धावत असते, तिच्याकडे बघितलं. मंद, मोठ्या लाटा होत्याच, फक्त त्यांच्यावर बारीक वेगवान कंप चढला होता. केटामिन हेच करतं. मेंदूतली वेगवान लय वाढवतं आणि यंत्राचं गणित त्याला जाग समजतं. मी डायलला हात लावला नाही. थोड्या वेळाने आकडा आपोआप खाली आला. संध्याकाळी राउंडला काकूंना विचारलं, तर ओटीतला पंखा आठवत होता, पुढचं काही नाही. उलटीही नाही.

डेक्सचा प्रकार याच्या उलट. स्पायनल दिलेल्या (कमरेखाली बधिर केलेल्या) आजोबांना नुसतं डेक्सवर पेंगवलं तर आकडा साठच्या घरात दिसतो आणि "आजोबा" म्हणून हाक मारली की ते डोळे उघडून "काय जी?" विचारतात. तोच आकडा प्रोपोफोलवर असता तर हाकेला ओ आली नसती. म्हणजे एकच आकडा, आणि औषध बदललं की त्याचा अर्थ बदलला.

खरी अडचण मात्र याच्याही पुढची आहे. बीआयएस दुखणं मोजत नाही, कधीच मोजत नव्हता. तो सांगतो झोपेबद्दल. दुखण्याचा अंदाज आपण पल्स-बीपीवरून घेतो, आणि डेक्स तर पल्स दाबून ठेवतं. एका औषधाने आकडा बिघडवला आणि दुसऱ्याने पल्स, मग बघायचं कशाकडे? म्हणून ओपिऑइड-फ्री करायचं तर ब्लॉक चांगला बसलेला हवा. ब्लॉक नाही, नुसतं इन्फ्युजन आणि समोर बीआयएस, ही मांडणी मला पटत नाही. डेक्सने पल्स किती खाली जाऊ शकते याची आठवण फ्रान्समधल्या पोफा अभ्यासाने करून दिली आहेच. तीव्र ब्रॅडिकार्डियाच्या (पल्स फार मंदावण्याच्या) घटनांमुळे तो वेळेआधी थांबवावा लागला आणि २०२१ मध्ये छापून आला. पल्स वाढवणारं अॅट्रोपिन भरून ठेवल्याशिवाय मी डेक्सचा पंप सुरू करत नाही.

रिलॅक्संटचाही एक घोळ आहे. २०१५ मध्ये छापलेल्या एका प्रयोगात पूर्ण जाग्या स्वयंसेवकांना झोपेचं औषध न देता फक्त स्नायू शिथिल करणारी औषधं दिली. माणसं टक्क जागी आणि बीआयएस ६० च्या खाली! कपाळाच्या स्नायूंची हालचालही त्या गणितात मिसळलेली असते. म्हणून आकड्याच्या बाजूची, स्नायूंची हालचाल दाखवणारी ईएमजीची पट्टी आणि सिग्नलची प्रत दाखवणारी पट्टी न बघता नुसता मोठा आकडा वाचणं म्हणजे पत्ता न बघता पिनकोड वाचणं.

इतकं असूनही घ्या का म्हणते? २००४ च्या बी-अवेअर अभ्यासात जास्त धोक्याच्या २,४६३ पेशंटमध्ये ऑपरेशनदरम्यान जाग आल्याच्या घटना बीआयएसच्या गटात २ होत्या आणि नेहमीच्या पद्धतीत ११. नंतर २०११ च्या बॅग-रिकॉल अभ्यासात दिसलं की श्वासातल्या गॅसचं प्रमाण मोजून अलार्म लावला तर बीआयएस त्याहून सरस ठरत नाही. हा दाखला देऊन काही सिनियर "काय गरज आहे?" म्हणतात. पण सर, त्या अभ्यासातल्या ओटीत गॅस अॅनालायझर होता. आपण ज्या नर्सिंग होममध्ये जातो तिथे किती ठिकाणी आहे? गॅस सोडणाऱ्या व्हेपोरायझरच्या डायलवर २ टक्के लिहिलंय म्हणून पेशंटला २ मिळतंय असं धरून चालायचं. अशा ठिकाणी बीआयएसचं पारडं जड आहे. प्रोपोफोलच्या इन्फ्युजनवर केस असेल आणि सोबत रिलॅक्संट असेल तर मी तो लावतेच. तिथे श्वासातलं मोजायला काही नसतंच. वयस्कर पेशंटमध्येही उपयोग होतो. लहर मधेच सपाट होऊ लागली, सपाट लहरीचं प्रमाण सांगणारा सप्रेशन रेशो शून्यावरून वर सरकला, की भूल गरजेपेक्षा खोल गेली हे लगेच कळतं आणि हात आखडता घेता येतो.

खर्च पट्टीचा. ती एकदाच वापरायची आणि लहान केसमध्ये बाकीच्या औषधांच्या बिलापेक्षा महाग पडते. मला एका डीलरने एक्स्पायरीला आलेला डबा खपवायचा प्रयत्न केला होता, तेव्हा तारीख बघूनच घ्या. मे महिन्यात डबा गाडीच्या डिकीत ठेवू नका. बाहेर पंचेचाळीस असताना आत काय होत असेल! जेल वाळलं की इम्पिडन्स (कातडीशी संपर्काची चाचणी) पास होत नाही आणि ओटीत सगळे तुमच्याकडे बघत बसतात. लावण्याआधी कपाळ स्पिरिटने पुसून कोरडं करा. घाम आणि खोबरेल तेल दोन्ही नडतात. कॉटरी (विजेने रक्तस्राव थांबवणारं यंत्र) चालू असताना आकडा गायब झाला तर घाबरू नका. मॉड्युल घेणार असाल तर ज्या दवाखान्यात नेहमी जाता तिथल्या पल्स-बीपीच्या मल्टिपॅरा मॉनिटरला ते जोडता येतं का, हे आधी बघा. फिरत्या माणसाला सुटा मॉनिटर बरा.

आणि बजेट एकाच वस्तूचं असेल, तर आधी नर्व्ह स्टिम्युलेटर घ्या. रिलॅक्संट किती उरलंय ते कळलं तर त्या आकड्याचाही अर्थ लावता येतो. बीआयएस पुढच्या वर्षी.