दांडिया बाजारातले एकत्र घर की भायलीतला फ्लॅट?

मूल शाळेत जाण्याच्या वयाचे झाले की बडोद्यातल्या अनेक मराठी जोडप्यांपुढे, जुन्या शहरातल्या दांडिया बाजारात आईवडिलांसोबत राहायचे की भायलीसारख्या उपनगरात वेगळा फ्लॅट घ्यायचा, हा प्रश्न उभा राहतो, आणि त्याची चर्चा बहुधा कर्जाचा हप्ता, गाडी लावायची जागा आणि शाळेची बस यांच्यापलीकडे जात नाही. प्रस्तुत तुलना नवरा-बायकोचे नाते, मुलांचे वळण आणि दोन पिढ्यांचे सामाजिक-राजकीय विचार या तीन अंगांनी केली आहे.

प्रथम लग्नाविषयी. विवाहित आईवडिलांची मुले सरासरीने अधिक सुस्थितीत असतात, हा निष्कर्ष मुख्यतः अमेरिकेतला आहे, आणि तिथेही शिकलेली, बरी मिळकत असलेली माणसेच अधिक प्रमाणात लग्न करतात व टिकवतात, हे त्यामागचे एक मोठे कारण आहे. आपल्याकडे जवळजवळ सगळेच लग्न करत असल्याने हा निष्कर्ष निवडीला फारसा उपयोगी पडत नाही. उपयोगी पडते ते मानसशास्त्रज्ञ मार्क कमिंग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे काम: आईवडिलांचे भांडण मुलांना त्रास देते, पण ते मुलांसमोर मिटले तर तो त्रास बराच कमी होतो. एकत्र घरात भांडण रात्री दार लावून, दबक्या आवाजात होते. मुलाला सकाळी दिसतात ते केवळ फुगलेले चेहरे, समेट दिसतच नाही. फ्लॅटमध्ये भांडण आणि समेट दोन्ही उघड असतात, मात्र आवाज चढल्यावर नातवाचा हात धरून त्याला सुरसागर तलावापर्यंत फिरवून आणणारे आजोबा तिथे नसतात. या मुद्द्यावर मी फ्लॅटला किंचित झुकते माप देईन.

मुलांच्या वळणाचा मुद्दा अधिक गुंतागुंतीचा आहे. मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात पालकांचे तीन प्रकार मांडले: धाकात ठेवणारे, मोकळे सोडणारे आणि माया व शिस्त दोन्ही सांभाळणारे. मॅकोबी आणि मार्टिन यांनी १९८३ मध्ये त्यात दुर्लक्ष करणाऱ्यांचा चौथा प्रकार जोडला. तिसरा प्रकार मुलांना सर्वांत मानवतो, असे बहुतेक अभ्यास सांगतात. एकत्र घर म्हणजे धाक आणि फ्लॅट म्हणजे मोकळीक, अशी आपली समजूत असते, पण प्रत्यक्षात चित्र वेगळे दिसते. जेवताना आई मोबाइल काढून घेते, नातू रडू लागतो, आजोबा दरडावतात, आणि पाचच मिनिटांत आजी पदराआडून आपला फोन त्याच्या हातात देते; म्हणजे धाक, शिस्त आणि लाड हे तिन्ही प्रकार एकाच ताटाभोवती. फ्लॅटमध्ये संध्याकाळी सात वाजता दमून आलेले आईवडील कुकर लावण्यापूर्वी स्वतःच मुलाच्या हातात फोन देतात. पहिल्या घरात विसंगती आहे, दुसऱ्यात थकवा, आणि माझ्या मते थकव्यावर उपाय शोधणे अधिक कठीण, कारण आजीशी निदान बोलता तरी येते. शिवाय बॉमरिंड यांचे मूळ निरीक्षण कॅलिफोर्नियातल्या मध्यमवर्गीय कुटुंबांचे होते, त्यामुळे आजोबांचे प्रत्येक दरडावणे त्यांच्या पहिल्या खान्यात टाकण्याची घाई करू नये. मुलांना मराठीही बहुधा आजी-आजोबांकडूनच मिळते. शाळेत आणि सोसायटीत मुलांची भाषा गुजराती, हिंदी किंवा इंग्रजीच असते.

राजकीय विचारांबद्दल थोडक्यात. अमेरिकी पाहण्यांत पुराणमतवादी माणसे स्वतःला अधिक सुखी म्हणवतात, परंतु त्यातला बराच भाग विवाह आणि धार्मिक जीवनाशी जोडलेला आहे, त्यामुळे आजोबा कोणाला मत देतात यावरून घराचे सुख मोजता येत नाही. जेनिंग्ज आणि नीमी या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये शाळेच्या शेवटच्या वर्गातल्या मुलांच्या आणि त्यांच्या पालकांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा आईवडिलांचा पक्ष मुलांकडे बऱ्यापैकी उतरलेला दिसला, इतर मते मात्र खूपच कमी. घरात खरा वाद पक्षावरून होत नाही. तो सुनेच्या नोकरीवरून, नातीच्या घरी परतण्याच्या वेळेवरून आणि परजातीतल्या लग्नावरून होतो. बडोदे संस्थानाने बालविवाहाविरुद्ध कायदा १९०४ मध्ये केला आणि हिंदूंना घटस्फोटाची मुभा १९३१ मध्ये दिली, म्हणजे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या २४ वर्षे आधी. सयाजीरावांच्या या कायद्यांचा अभिमान सांगणारे आजोबाच नातीने रात्री नऊनंतर गरबा पाहायला जाण्यावर आक्षेप घेतात, हे येथे नवे नाही. त्यांना टेबलावर उत्तर देण्याची मुभा सुनेला असेल, तर मतभेद ऐकत वाढणारे मूल काही गमावत नाही. ती नसेल, तर तेच मूल गप्प राहणे शिकते.

म्हणून चौरस फुटांच्या हिशेबाआधी दोन गोष्टी तपासाव्यात: मुलाला आईने दिलेला नकार एकत्र घरात टिकतो का, आणि सून सासऱ्यांशी असहमती दाखवून त्याच दिवशी त्यांच्यासोबत चहा पिऊ शकते का. दोन्हींचे उत्तर होकारार्थी असेल, तर मी दांडिया बाजार सोडणार नाही. एकाचेही नकारार्थी असेल, तर भायलीत फ्लॅटची नोंदणी करण्यापूर्वी चालत जाता येईल इतक्या अंतरावर, रावपुऱ्यात किंवा तशाच एखाद्या जवळच्या भागात, अकरा महिन्यांच्या करारावर घर घ्यावे, आणि संध्याकाळी पाच ते सात या वेळेत मूल आजीकडेच ठेवावे.