सेसची चाळ ते रिहॅब टॉवर, पावसाळा काढून झाल्यावरचा अनुभव

लालबागला आमची पागडीची (एकरकमी पैसे भरून नाममात्र भाड्याने घेतलेली) चाळ होती, सेस म्हणजे दुरुस्तीकर भरणाऱ्या जुन्या इमारतींसाठीच्या ३३(७) या नियमाखाली रिडेव्हलपमेंट झाली, आता रिहॅब टॉवरमध्ये, म्हणजे जुन्या भाडेकरूंसाठी बांधलेल्या इमारतीत, नवीन घरात पावसाळा धरून बरेच महिने झालेत. खूप जण विचारतात कसं आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

घर चांगलंय, मनापासून सांगतो. नियमाने कमीत कमी ३०० चौरस फूट कार्पेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा), वर ३५ टक्के फंजिबल म्हणजे नियमाने मिळणारी वाढीव जागा धरून ४०५ फूट मिळालं. संडास घरात, पाणी घरात, आईला रात्री गॅलरीतून शेवटच्या टोकापर्यंत जावं लागत नाही, माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट हीच. टेकू लावलेल्या जिन्यावरून चढणं संपलं. गळती अजून तरी नाही.

आता ही स्कीम चालते कशी ते समजून घ्या, कारण त्रास तिथूनच सुरू होतो. भाडी कायद्याने १९४० च्या पातळीवर गोठलेली, त्यात मालक दुरुस्ती कशाला करेल? म्हणून १९६९ ला कायदा आला, सेस आला, रिपेअर बोर्ड आलं, पण बोर्डाच्या पैशात डागडुजी होते, नवी इमारत नाही. मग सरकार पैशाऐवजी एफएसआय देतं (प्लॉटच्या किती पट बांधायला परवानगी ते), ३ एफएसआय किंवा भाडेकरूंना बांधून दिलेल्या जागेवर ५० टक्के जास्त, यातलं जे मोठं ते. दोन ते पाच प्लॉट एकत्र केले तर ६० टक्के. बिल्डर आपल्याला घर फुकट देतो आणि सेल बिल्डिंग, म्हणजे बाजारात विकायची इमारत, विकून पैसे काढतो. म्हणजे बाजार पडला की आपलं काम थांबतं, हे कोणी मीटिंगमध्ये नीट सांगत नाही. आमचंही मधे थांबलं होतं, बांधकाम होईपर्यंत बाहेर राहायला बिल्डर देतो त्या भाड्याचे चेक उशिरा यायला लागले, दोन म्हातारी माणसं गावी निघून गेली ती नवं घर न बघताच वारली. याचा राग मला अजून आहे.

राहायला आल्यावरचं खरं दुखणं मेंटेनन्सचं. लिफ्ट, पंप, फायर सिस्टीम, जनरेटर, सगळ्याला करार लागतात. चाळीत महिन्याला भाडं नावापुरतं होतं, इथे निवृत्त माणसाला हा आकडा झेपत नाही. कॉर्पसचं, म्हणजे मेंटेनन्ससाठी बिल्डरने दिलेल्या ठेवीचं, व्याज कमी पडतं. काहींनी घर भाड्याने देऊन बदलापूर गाठलंय, आणि माझ्या मते हे अपयशच आहे, कारण गिरणगावातला माणूस गिरणगावात राहावा म्हणूनच तर हे सगळं आहे ना?

शिवाय रिहॅबचा गेट वेगळा आणि सेलचा वेगळा. मुलांना बाग दिसते पण जाता येत नाही. हे प्लॅन पास व्हायच्या आधी भांडून घ्या, नंतर कोणी ऐकत नाही.

रिडेव्हलपमेंटला भाडेकरूंची संमती आता ५१ टक्क्यांत होते, त्यामुळे घाई करणारे जास्त असतात. सही करण्याआधी म्हाडाची (सरकारी गृहनिर्माण मंडळाची) एनओसी म्हणजे ना-हरकत पत्र स्वतः वाचा, प्रत्येकाचा करारनामा रजिस्टर करून घ्या, बिल्डरकडून मिळणारं भाडं शक्यतो आगाऊ घ्या आणि बँक गॅरंटी मागाच. कॉर्पस ठरवताना चाळीतल्या हिशोबाने नाही तर लिफ्टच्या बिलाने ठरवा, ते बिल शेजारच्या कुठल्याही रिहॅब सोसायटीकडे मागितलं तर दाखवतात, आमच्याकडे आलात तर आम्हीपण दाखवू.