साडेसहाशेचा सायकल मीटर, चौदा महिन्यांनंतर

नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत क्वालिटीला आहे मी. दिवसभर हातात व्हर्नियर असतो, त्यामुळे मोजायची कुठलीही वस्तू घरात आली की आधी तिच्यावरच संशय घ्यायची खोड लागलीय. हा मीटर मात्र पहिले तीन महिने डोळे झाकून वापरला, आणि त्या तीन महिन्यांत सायकलवाल्या मित्रांसमोर जेवढी मिरवली तेवढी सगळी पुढे गिळावी लागली.

वस्तू साधी आहे. पुढच्या चाकाच्या स्पोकला लोहचुंबकाची एक गुंडी, फोर्कला सेन्सर, तिथून वायर वर हँडलपर्यंत. चुंबक सेन्सरसमोरून गेला की चाकाची एक फेरी झाली. फेऱ्या गुणिले चाकाचा परीघ, म्हणजे अंतर. जीपीएस नाही, चार्जिंग नाही. बटणाएवढा सेल आहे, तो चौदा महिने झाले तरी पहिलाच चालू आहे. वायर दिसायला ओंगळ दिसते, पण मला त्याचं काही नाही. ब्रँड सांगत नाही, कारण हाच साचा दहा वेगवेगळ्या नावांनी मिळतो आणि यात जे चुकलं ते मीटरचं नव्हतं.

चुकलं ते बसवताना. दुकानातल्या पोराने परिघाच्या जागी २२८८ मिलिमीटर भरलं. हा २९ इंची एमटीबीच्या, म्हणजे डोंगरात चालवायच्या सायकलच्या, जाड टायरचा आकडा. माझी हायब्रिड, रस्त्यावर चालवायची, टायर बारीक, ७०० बाय ३२, तिला २१५५ हवा. फरक सहा टक्के. म्हणजे स्क्रीनवर ताशी २५ दिसायचे तेव्हा मी प्रत्यक्षात साडेतेवीसने चालवत होतो आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो. रविवारी त्र्यंबकला जाऊन आलो की माझंच अंतर सगळ्यांपेक्षा तीन-चार किलोमीटर जास्त भरायचं. शेवटी ग्रुपमधला एक कॉलेजचा मुलगा म्हणाला, "काका, तुम्ही रस्त्याच्या दोन्ही कडा शिवत येता का?"

घरी आल्यावर पार्किंगमध्ये काम केलं. टायरमध्ये नेहमीएवढी हवा, वाल्व बरोबर खाली, तिथे जमिनीवर खडूची रेघ. स्वतः सायकलवर बसून (वजनाने टायर दबतो, म्हणून बसूनच) सरळ तीन फेऱ्या पुढे, परत रेघ, टेप, भागिले तीन. २१५ सेंटिमीटर आणि वर पाच मिलिमीटर. तो आकडा भरला आणि दुसऱ्या दिवशी माझा वेग सहा टक्क्यांनी पडला. घेणार असाल तर एवढं घरी आल्या आल्या करा, दुकानदाराने "सेट करून दिलंय" म्हटलं तरी.

आता मीटरचा खरा स्वभाव. यात टीएम म्हणून एक वेळ दिसते आणि एव्ही म्हणून सरासरी. चाक थांबलं की टीएमही थांबतो. सिग्नल, चहा, पंक्चर, लघुशंका, यातलं काहीही त्याच्या हिशेबात येत नाही. तो सांगतो ती फक्त चाक फिरत असतानाची सरासरी, आणि आपण सगळे गप्पांत एकमेकांना हाच आकडा सांगतो.

ऑगस्टमध्ये पहिली दोनशे किलोमीटरची राइड केली. पहाटे साडेपाचला नाशिकच्या द्वारका चौकातून निघालो, आग्रा रोडने मीटरवर बरोबर १०० होईपर्यंत जायचं आणि तिथून फिरायचं. निघताना बायकोने विचारलं, "किती वाजता याल?" मी मनात भागाकार केला, दोनशे भागिले पंचवीस, आठ तास, वर अर्धा तास चहाचा. "दोनला जेवायलाच येतो."

जाताना सगळं गोडच होतं. पावसाळ्यातला पश्चिमेचा वारा पाठीवर, मालेगाव नाशिकपेक्षा बरंच खाली, राहुड घाट तर उतारच. ओझर, पिंपळगाव (टोमॅटोच्या क्रेटने भरलेल्या पिकअपमधून वाट काढत), चांदवड, उमराण्याच्या पुढे जाऊन १०० झाले तेव्हा टीएम ४ तास १० मिनिटं. सरासरी २४. फोटो काढून ग्रुपवर टाकला.

परतीला तोच वारा छातीवर आला. ही गोष्ट कॉलेजात शिकलो होतो, कळली त्या दिवशी: हवेशी झगडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. वारा नसतानासुद्धा २० चे २५ करायचे तर नुसत्या हवेसाठी जवळजवळ दुप्पट जोर लागतो, आणि इथे वारा समोरून. राहुड घाट आता चढायचा होता. तिथे स्क्रीनवर ९ बघितले. परतीच्या शंभरला टीएम ५ तास २० मिनिटं.

द्वारकेला मीटर म्हणाला: २०० किलोमीटर, ९ तास ३० मिनिटं, सरासरी २१. मनगटावरचं घड्याळ म्हणालं: पाच वाजून चाळीस. बारा तास दहा मिनिटं! मधले दोन तास चाळीस मिनिटं कुठे गेले ते त्या रात्री वहीत मांडलं. पोहे-चहा ३५, पंक्चर २५, पिठलं-भाकरी ४०, पुलाखाली पाऊस थांबायची वाट २०. उरलेली ४० पाणी, केळी, फोन आणि नुसतंच बसणं. हे धरून सरासरी १६.४.

घरात बायको एवढंच म्हणाली, "तुमचा मीटर थांबतो, वरण गार व्हायचं थांबत नाही."

सोळा म्हणजे कमी वाटतं. पण दोनशेच्या ब्रेव्हेला (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) साडेतेरा तास देतात, थांबे धरून, म्हणजे ताशी १५ पेक्षाही कमी. माझ्या हातात एक तास वीस मिनिटं शिल्लक होती. आपल्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत पुरी केली, साधारण ४८०० किलोमीटर; तिथे आळीपाळीने कुणीतरी एक सतत पेडल मारत होता, आणि तरी गणित ताशी २३ च्या आसपासच येतं. लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी २०१७ ला तीच रेस एकट्याने पुरी केली, झोप-जेवण धरून ताशी १७. त्यांनी ते पावणेबारा दिवस केलं, मी एक दिवस, तेव्हा तुलना नकोच. पण रविवारचे चाळीस किलोमीटर २७ ने मारणारा माणूस "दोनशे आठ तासांत करू" म्हणतो, तेव्हा मला आता हसू येतं. आठवड्यातून दोन-तीनदा चालवणाऱ्या माझ्यासारख्याने चाकाची सरासरी २० ते २२ धरावी, आणि घरी सांगायची वेळ १६-१७ ने काढावी.

बाकी तक्रारी किरकोळ. पहिल्याच जुलैत काचेआत वाफ धरली, तांदळाच्या डब्यात रात्रभर ठेवल्यावर गेली. चुंबक आणि सेन्सरमध्ये बोटभर अंतर पडलं तर आकडा शून्यावर जातो, खड्ड्यांनंतर एकदा बघून घ्यावं लागतं. रात्री स्क्रीनला दिवा नाही, हे मात्र खटकतं. पहाटे निघणाऱ्याला पहिला तास काहीच दिसत नाही. अर्थात तो तास माझा सगळ्यात शांत जातो.

पाचपैकी चार. कापलेला एक दिव्यासाठी. थांबलेल्या वेळेसाठी मीटरशेजारी मुलाचं शाळेतलं जुनं घड्याळ रबराने बांधलंय. पुढच्या महिन्यात शिर्डी करून यायचंय, घरी संध्याकाळी सातची वेळ दिली आहे.